पट्ट्याच्या घरात पाहुणे: भांडखोर माशाच्या टँकमध्ये नवे मासे कसे सोडावेत

निपाणीहून एका वडिलांनी विचारलं आहे. त्यांच्या घरी तीन फुटी टँक आहे, ३६ बाय १५ बाय १८ इंचांचा. दोन वर्षं त्यात एकच मासा आहे, चार इंची झेब्रा सिक्लिड. सातवीतल्या मुलानं त्याचं नाव पट्ट्या ठेवलंय. एवढ्या टँकमध्ये एकच मासा, रिकामं रिकामं दिसतं म्हणून मुलानं हट्ट धरला आणि एप्रिलच्या एका रविवारी त्यांनी कोल्हापूरहून दोन एंजल आणि दोन निळे गुरामी आणले. रात्री आठला सोडले आणि सगळे झोपले. सकाळी दोन्ही एंजल तळाशी मरून पडलेले, एका गुरामीच्या शेपटीच्या चिंध्या झालेल्या, दुसरा फिल्टरच्या मागे अडकून बसलेला. दुकानदार म्हणाला होता, "दोन दिवसांत सवय होते." आता घरात दोन मतं पडली आहेत. आजोबा म्हणतात, असला मासा वेदगंगेत सोडून द्या. आई म्हणते, राहू दे तो एकटाच. आणि मुलगा पट्ट्याकडे बघेनासा झालाय. वाचलेले दोन गुरामी बादलीत आहेत.

मी बेळगावात शहापूरला राहते. आमच्या घरी जिथं पूर्वी माग होता, त्या खोलीत आज माझे चौदा टँक आहेत. सव्वीस वर्षं मासे सांभाळतेय, त्यांची पिल्लं काढतेय, आणि हा प्रश्न दर महिन्याला कुणीतरी घेऊन येतंच. तुमच्या मुलासाठी म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बादलीतल्या गुरामींचं बघा, बाकीचं नंतर वाचा. बादली किमान वीस लिटरची हवी, वर झाकण किंवा जाळी हवी, आणि एअर पंपाची नळी सोडलेली हवी. पाणी टँकमधलंच घ्या. पाच लिटरला एक चहाचा चमचा या मापानं जाडं मीठ वेगळ्या पाण्यात विरघळवून थोडं थोडं ओता. रोज तिसरा हिस्सा पाणी बदला, आणि जेवढं बदललं तेवढ्यापुरतंच मीठ परत घाला. खायला अगदी चिमूटभर. शेपटी परत येते, त्याची काळजी करू नका.

दुसरं म्हणजे पट्ट्याला नदीत सोडायचं नाही. आजोबांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की हा मासा मध्य अमेरिकेतला आहे. वेदगंगेत तो जगला तर आपल्या माशांची अंडी-पिल्लं खाणार आणि नाही जगला तर तडफडून मरणार. विहिरीतही नको, तळ्यातही नको. बाजारात टँक क्लीनर म्हणून विकला जाणारा सकर फिश लोकांनी असाच कंटाळून सोडला आणि आज देशात किती नद्यांतून तो मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. मासा नकोसा झाला तर दुकानात परत द्या, माझ्यासारखीला द्या, पण पाण्यात सोडू नका.

आता पट्ट्याबद्दल. तो दुष्ट नाही, हे मुलाला नीट समजावून सांगा. आमच्याकडे मासे पुरवणारा घाऊक व्यापारी कन्नड बोलतो. झेब्राची पिशवी हातात देताना तो दरवेळी न चुकता सांगतो, "अक्का, इदु भाळ जगळ माडतैति." हा फार भांडतो. ते खरंच आहे, पण हा भांडतो तो घरासाठी. दोन वर्षं त्या टँकमधला प्रत्येक दगड, प्रत्येक कोपरा त्याच्या एकट्याचा होता. निसर्गात त्याच्या हद्दीत परका मासा आला की तो अंगावर जातो, परका पळून जातो आणि भांडण मिटतं. तुमच्या टँकमध्ये एंजलनी पळायचं ठरवलं तरी जाणार कुठं? तीन फुटांवर काच. हद्दीबाहेर जाताच आलं नाही, म्हणून मार थांबलाच नाही.

निको टिनबर्गन नावाचे डच शास्त्रज्ञ होते, प्राण्यांच्या वागणुकीच्या अभ्यासासाठी १९७३ चं नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळालं त्यांतले एक. त्यांनी स्टिकलबॅक या छोट्या माशांवर एक प्रयोग केला होता. एका टँकच्या दोन टोकांना दोन नरांची दोन घरटी. त्यांनी दोघांना वेगवेगळ्या काचेच्या नळ्यांत घातलं आणि दोन्ही नळ्या पहिल्याच्या घरट्याजवळ नेल्या. पहिला काचेतूनच तुटून पडायला बघू लागला आणि दुसरा पळायची वाट शोधू लागला. मग नळ्या दुसऱ्याच्या घरट्याजवळ नेल्या, तर सगळं उलटं झालं. मासे तेच, ताकद तीच. बदलली ती फक्त जागा. मी स्वतः वीसेक वर्षांपूर्वी हे कळल्यावर माझी पद्धत बदलली. तोवर मी नव्या माशाला टँकची सवय लावत होते. खरी गरज होती जुन्या माशाला त्याचाच टँक परका करून टाकायची.

तुम्ही आणलेल्या माशांची निवडही चुकली होती, आणि त्यात तुमचा दोष नाही, हे दुकानातच सांगायला हवं होतं. एंजल संथ पोहतो, त्याचे पर लांब लोंबते, सिक्लिडला ते धरायला सोपे. शिवाय एंजल हा स्वतःही सिक्लिडच. पट्ट्याला तो आपल्याच जातकुळीतला प्रतिस्पर्धी वाटतो. गुरामी घाबरला की कोपऱ्यात जाऊन निमूट राहतो, मार चुकवत नाही. पट्ट्यासोबत लागतात ते चपळ, वरच्या आणि मधल्या पाण्यात सतत पोहणारे, आखूड परांचे, अंगावर उभे पट्टे नसलेले आणि किमान अडीच इंचांचे मासे. तुमच्या टँकला मी जायंट डॅनिओ सुचवेन, सहा. ते नाही मिळाले तर रोझी बार्ब, सहा ते आठ. दोन्ही आपल्याकडचेच मासे आहेत, काटक आहेत, पाणी जरा गार झालं तरी आजारी पडत नाहीत. दुकानात ते दीड इंचाचे मिळतात, तेवढे घेऊ नका. घेतलेत तर वेगळे ठेवून वाढवा. तळाला राहणारा कुठलाही मासा घेऊ नका. तळ पट्ट्याचा आहे आणि कितीही उपाय केलेत तरी पट्ट्याचाच राहणार. सकर फिश तर मुळीच नको. तो फूटभर वाढतो, आणि सिक्लिडनं सकरचे डोळे फोडलेले मी दोनदा पाहिलेत.

सहाच का, एक-दोन का नाहीत? एकटा नवा मासा आला की सगळा मार त्याच्या एकट्यावर. सहा आले की पट्ट्या एकामागे धावतो, तेवढ्यात दुसरा समोरून जातो, तो वळतो, तिसरा दिसतो. कुणाचाच पाठलाग शेवटाला जात नाही आणि तो दमतो. आणखी एक गोष्ट मी कित्येक टँकमध्ये पाहिली आहे. उघड्यावर निवांत पोहणारे मासे आजूबाजूला असले की सिक्लिड स्वतःही निवळतो. बाहेर धोका नाही हे त्याला त्या माशांच्या पोहण्यावरून कळतं.

पण सहा मासे एकदम सोडायचे तर पाणी बिघडायची भीती. एका माशाच्या घाणीची सवय असलेल्या फिल्टरमध्ये ती घाण पचवणारे जिवाणूही तेवढेच असतात. त्यावर सात माशांची घाण आली की अमोनिया चढतो, आणि अमोनिया माशांना विषारी. हा तिढा सोडवायला एक सोपी युक्ती आहे, आणि ती क्वारंटाइनमधूनच निघते.

नवे मासे तीन आठवडे वेगळे ठेवायचेच असतात. चाळीस-पन्नास लिटरचा जुना टँक किंवा मोठा प्लॅस्टिकचा टब चालतो. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे इक, मिठाचे दाणे चिकटल्यासारखा अंगावर दिसतो. उन्हाळ्याच्या पाण्यात त्याचं एक चक्र आठवड्याच्या आत पुरं होतं, गार पाण्यात त्याला बरेच दिवस लागतात. म्हणून तीन आठवडे. या टबात एक साधा स्पंज फिल्टर लावा, पण पहिल्या दिवशी पट्ट्याच्या टँकमधला जुना स्पंज त्यावर पिळा. ते तपकिरी पाणी म्हणजे विरजणच. तीन आठवड्यांत तो नवा स्पंज सहा माशांना पुरेल इतका तयार होतो. ज्या दिवशी मासे मोठ्या टँकमध्ये जातील, त्या दिवशी तो स्पंजही त्यांच्याबरोबर जाईल. मासे आणि त्यांचं सफाई खातं एकत्रच हलवायचं. शिवाय तीन आठवडे पोटभर खाल्लेले, वाढलेले, एकमेकांशी जुळलेले मासे आणि प्रवासानं शिणलेले मासे यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तुमचे एंजल निम्मे तर प्रवासातच हरले होते.

वेळेचंही सांगते. तुम्ही हे एप्रिलमध्ये केलंत. आपल्याकडे त्या दिवसांत बंद खोलीतल्या टँकचं पाणी सहज तीस अंशांवर जातं. माशाचं रक्त पाण्याइतकंच गरम. पाणी तापलं की त्याची भूक, धावाधाव आणि भांडण सगळंच वाढतं. माझा शिरस्ता असा की सिक्लिडच्या टँकमध्ये नवा मासा मृगाचा पाऊस पडून हवा गार झाल्याशिवाय सोडत नाही. पाणी चोवीस-पंचवीस अंशांवर असावं. मेच्या मध्याला मासे आणलेत तर क्वारंटाइन संपेपर्यंत मृग येतोच. मुलाला थांबायला जड जाईल, पण थांबवा.

तोवर करायचं मोठं काम म्हणजे लपायच्या जागा. आपल्या भागाचं भाग्य असं की खानापूर जवळ आहे. तिथली माती कुंभारकामासाठी प्रसिद्ध, आणि मातीकामाची केंद्रीय संस्थाही तिथंच आहे. बाजारातून छोटी मडकी, बोळकी, कुंड्या आणा. फक्त रंग किंवा चकाकी चढवलेलं काही नको, निव्वळ भाजलेली तांबडी माती. दोन दिवस बादलीत भिजत घाला. मग प्रत्येक मडक्याला तोंडाव्यतिरिक्त मागून दुसरं भोक पाडा आणि कडा पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करा. हे दुसरं भोक फार महत्त्वाचं. एकच तोंड असलेलं मडकं म्हणजे लपणाऱ्या माशाला सापळा. पट्ट्या दारात उभा राहतो आणि आतला बाहेर येऊच शकत नाही. दीड इंची पीव्हीसी पाइपचे वीतभर तुकडेही ठेवा. त्यांत बार्ब शिरतो, चार इंची पट्ट्याला शिरणं अवघड जातं. दगड घालायचे तर आपला साधा काळा दगड उत्तम. दगडाबद्दल शंका असेल तर त्यावर लिंबू पिळा. फेस आला तर तो चुन्याचा, पाणी जड करणारा, बाजूला ठेवा. जांभा मी वापरत नाही, त्याच्या खरखरीत भोकांत घाबरलेला मासा अंग खरवडून घेतो.

मांडणी करताना टँकच्या समोर बसा आणि डाव्या काचेपासून उजव्या काचेपर्यंत तळाला नजर थेट पोचते का ते बघा. पोचत असेल तर अजून आडोसे हवेत. पट्ट्याला एका जागेवर उभं राहून सगळा टँक दिसतो म्हणून तो सगळा टँक आपला मानतो. मधे दोन उंच आडोसे आले की पलीकडचं राज्य त्याच्या नजरेतून निसटतं. मडक्यांची तोंडं एकमेकांसमोर येऊ देऊ नका.

आता प्रत्यक्ष सोडण्याआधीचा आठवडा. पट्ट्याला बाहेर काढा. हीटर लावला असेल तर आधी स्विच बंद करून पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर गरम काच हवेत तडकते. पाणी एक तृतीयांशावर आणा, मग त्याला पकडा. जाळीत सिक्लिडच्या पाठीचे काटे अडकतात आणि सोडवताना पर फाटतो, म्हणून मी जाळीनं नुसतं हाकलते आणि पकडते प्लॅस्टिकच्या मोठ्या मगात. पट्ट्या टबात राहील पाच ते सात दिवस, हवेच्या नळीसकट आणि पक्क्या झाकणासकट. झाकण विसरू नका, सिक्लिड उडी मारतो.

टँक रिकामा आहे तोवर सगळी मांडणी मोडून टाका. वाळूवरची घाण आधी नळीनं ओढून काढा, मगच दगड हलवा, नाहीतर साचलेली सगळी घाण पाण्यात येते. फिल्टर उजवीकडे होता तर डावीकडे न्या. हीटरची जागा बदला. मागचा कागद निळा असेल तर काळा लावा. नवी मडकी, नवे आडोसे. एकही जुनी खूण जागेवर ठेवू नका. पाणी भरताना नळाचं असेल तर क्लोरीनसाठी औषध घाला किंवा आदल्या दिवसापासून उघड्या पिंपात हवा सोडून ठेवा. विहिरीचं असेल, आमच्या बेळगावात अजून कित्येक घरांत विहिरीचंच वापरतात, तरीही रात्रभर हवा सोडा. खोल विहिरीच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो.

मग नवे सहा मासे त्यांच्या स्पंजसह या टँकमध्ये जातात, पट्ट्या नसताना. पाच-सात दिवसांत कुणी कुठं राहायचं, घाबरलं तर कुठं शिरायचं, हे त्यांचं ठरतं. त्यानंतर पट्ट्या येतो, सर्वांत शेवटी, परक्या घरात, आधीपासून नांदत असलेल्या सहा जणांमध्ये. नळीतल्या त्या माशांसारखं, आता जागा त्यांची.

वेळेबाबत माझं मत बहुतेकांहून वेगळं आहे. सगळे सांगतात, रात्री सोडा, दिवे बंद करा, सकाळपर्यंत शांत होतं. अंधारात सिक्लिडला दिसत नाही म्हणून तो गप्प असतो, एवढंच. खरा हल्ला पहाटे उजाडताना होतो, आणि तेव्हा तुम्ही झोपेत असता. तुमच्याकडे नेमकं तेच झालं. मी सकाळी नऊ-दहाला सोडते, सुट्टीच्या दिवशी. टँकचा दिवा बंद, खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला, आणि पट्ट्याला टबातच आधी पोटभर खायला घातलेलं. मग दिवसभर येता-जाता डोळा ठेवता येतो.

बघायचं काय, ते मुलाला शिकवा, हे काम त्याला द्या. पट्ट्याचे काळे पट्टे एकाएकी गडद झाले, कल्ले फुगवून तो आडवा उभा राहिला, अंग थरथरवलं, तर तो धमकी देतोय. हे चालतं. दोन-चार सेकंद धावून तो मागे फिरला, तेही चालतं, उलट ते चांगलं लक्षण आहे, हद्द ठरतेय. पण एकाच माशाला त्यानं हेरलं, टँकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाठ सोडली नाही, तो मासा वरच्या कोपऱ्यात तोंड वर करून, पर अंगाला चिकटवून उभा राहिला, खवले गळालेले दिसले, तर विचार करत बसायचं नाही. पट्ट्याला परत टबात घ्या. मार खाणाऱ्याला काढू नका. तो काढलात की पट्ट्या दुसरा शोधतो. चार दिवसांनी पुन्हा मांडणी हलवून पुन्हा प्रयत्न करा.

मधे जाळी किंवा काच लावून टँक विभागायचा मार्गही आहे. दोन आठवडे एकमेकांना बघून माशांचा जोर कमी होतो, पण मी त्यावर पूर्ण भरवसा ठेवत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात मी पॅरट सिक्लिडच्या जोडीला जॅक डेम्प्सी या दुसऱ्या भांडखोर सिक्लिडपासून वेगळं ठेवायला अ‍ॅक्रिलिकचा पडदा रबरी चोषकांवर बसवला होता. काचेवर शेवाळ धरलं, रात्री एक चोषक सुटला, खाली दोन बोटांची फट पडली. सकाळी पॅरटची मादी माझ्या हातात आली तेव्हा तिला एक डोळा नव्हता. ती पुढे चार वर्षं जगली, माझ्या हातून दाणे खायची, आणि दरवेळी मान वळवून चांगला डोळा माझ्याकडे करायची. तेव्हापासून पडदा लावायचा तर वाळूत तीन बोटं गाडलेला, दोन्ही काचांना सिलिकॉननं चिकटवलेल्या पट्ट्यांच्या खाचेत बसवलेला, आणि रोज रात्री बोटानं दाबून बघितलेला. एवढं करायचं नसेल तर पडदा लावूच नका.

आणि एक शक्यता मन घट्ट करून लिहिते. पट्ट्या ऐकणारच नाही, असंही होऊ शकतं. तीनदा प्रयत्न करूनही तो एकेकाला मारतच राहिला तर त्याला एकटाच राहू द्या. फ्लॉवरहॉर्नसारखा भांडखोर सिक्लिड, अंडी राखणारी जोडी, नर फायटर मासा यांच्यासोबत तर मी प्रयत्नही करत नाही. पट्ट्याच्या पोटावर केशरी छटा आहे का, तेही एकदा बघा. असेल तर तो पट्ट्या नसून मादी आहे; मादी नर नसतानाही अंडी घालते आणि त्या दिवसांत कुणालाच जवळ येऊ देत नाही. अशा वेळी अंडी संपेपर्यंत, आठ-दहा दिवस, काहीच हलवू नका.

राहिले बादलीतले गुरामी. ते पट्ट्याच्या टँकमध्ये परत कधीच घालू नका, सहा डॅनिओ आले तरी नाही. त्यांना दोन फुटी वेगळा टँक पुरेल, किंवा शेजारी कुणाकडे शांत मासे असतील तर द्या. फाटलेल्या शेपटीच्या कडेला आठवड्या-दोन आठवड्यांत पारदर्शक, जराशी पांढुरकी पातळ किनार दिसू लागेल. ती नवी वाढ, तिला हात लावायचा नाही. कापसासारखं लवदार काही दिसलं तर मात्र ती बुरशी. तेव्हा मिथिलीन ब्लू आणा, बाटलीवरच्या मापानं द्या, आणि औषध चालू आहे तोवर बादलीवर ऊन पडू देऊ नका.